भोंग्यानं विकलेली म्हैस

सकाळी धार काढायला बादली घेऊन ती गोठ्यात गेली, तर खुंटा तेवढा जागेवर. ना म्हैस, ना दावं.

"अहो, म्हैस कुठाय?"

नवरा ओट्यावर घसा साफ करत बसला होता. गाव त्याला भोंगा म्हणायचं. निवडणूक आली की पक्षाच्या टेम्पोत बसून ओरडायचं काम त्याचंच. यंदाची घोषणा तर त्याला इतकी आवडली होती की झोपेतही बरळायचा, "आपलं आयुष्य, आपली मर्जी! आपला निर्णय आपणच घ्या!"

"विकली," तो म्हणाला. "पहाटेच दूधवाला घेऊन गेला."

"मला न विचारता?"

"घरातलं घरच्या कर्त्यानं ठरवायचं. त्यात तुला काय विचारायचं?"

"मग टेम्पोत बसून काय बोंबलत फिरता?"

"ते लोकांसाठी असतं," तो अगदी मनापासून म्हणाला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आई मेलेलं ते रेडकू तिनं बोटानं दूध चाटवून जगवलं होतं. त्याची म्हैस झाली, व्याली, पण पारडू दगावलं. तेव्हापासून ती फक्त हिच्या हाताला पान्हा सोडायची. पाठ थोपटून, चार गोष्टी सांगितल्याशिवाय थेंब मिळायचा नाही. भोंग्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला फक्त चहातलं दूध माहीत.

दुसऱ्या दिवशी दूधवाला लंगडत आला.

"दादा, लाथा घालते तुमची म्हैस. कास दगडासारखी झालीय. वहिनींना पाठवता का धार काढायला?"

"येईल की! सकाळ-संध्याकाळ येईल," भोंगा म्हणाला आणि माईक घेऊन टेम्पोत चढला. ती दारातच उभी होती. तिच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

नाही म्हणावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. म्हणू दे त्याला काय म्हणायचं ते, मी काय त्याच्या दावणीचं जनावर आहे? पण तिकडं मुकं जनावर कळा सोसत होतं. ती चडफडत दूधवाल्याच्या मागोमाग निघाली.

तिला पाहताच म्हैस हंबरली. तिनं कासेवर कोमट पाणी मारलं, पाठ थोपटली आणि नवऱ्याला घालायच्या सगळ्या शिव्या म्हशीला सांगितल्या. पान्हा फुटला. दूधवाला बघतच राहिला.

"वहिनी, रोज याल ना?"

"नाही येणार."

"अहो, दादा तर हो म्हणाले."

"मग दादांनाच बसवा धारेला."

दूधवाल्यानं सुजलेली नडगी चोळली. "एक करा. घेऊनच जा हिला. माझे पैसे मी त्यांच्याकडून वसूल करतो. असली खाष्ट म्हैस मला नको."

तिनं दावं सोडलं.

बाजाराच्या अरुंद गल्लीत ती अर्ध्यावर आली आणि समोरून टेम्पो आला. कर्णा गर्जत होता, "बंधूंनो, भगिनींनो! आपलं आयुष्य, आपली मर्जी! कुणाला विचारायची गरज नाही! आपला निर्णय..." भोंग्यानं म्हैस पाहिली. माईक बंद करायचं भान त्याला राहिलं नाही.

"अगं ए! कुणाला विचारून सोडलीस तिला?"

सगळ्या बाजारानं ते ऐकलं. टपरीवरची माणसं कप हातात धरून थांबली. कुणीतरी फस्सकन हसलं. भोंग्याचा हात घाईघाईनं बटण शोधू लागला.

घरी गेल्यावर आपल्यापुढं काय वाढून ठेवलंय, हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी आदळआपट होणार, उद्या दूधवाला दारात बसणार. पण तिनं पदर खोचला.

"तिलाच विचारलं," ती म्हणाली. "येते म्हणाली. आता तो टेम्पो मागं घ्या, म्हैस काही मागं सरायची नाही."

ड्रायव्हरनं भोंग्याकडे पाहिलं, म्हशीच्या शिंगांकडे पाहिलं आणि भोंग्याला न विचारताच टेम्पो मागं घेतला.