मानशीच्या जाळ्यातली हाडं

नार्व्याच्या बांधावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गोवा घटक राज्य झालं तेव्हाच्या पताका पंचायतीवर पावसानं पांढऱ्या पडल्या होत्या, पण त्या दिवशीसुद्धा एवढी माणसं जमली नव्हती! मठाचे सखारामबुवा आज मांडवी नदीकडून निलेशची हाडं मागून घेणार होते.

निलेश हा कृष्णनाथ मास्तरांचा एकुलता एक मुलगा. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जीवर, मालवाहू नौकेवर, कामाला होता. मे महिन्यात मुरगाव बंदराकडे जाताना पाण्यात पडला, तो गेलाच. देह हाती लागला नाही. मास्तरांनी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. "गवत जाळलंत तुम्ही, माझो झील खंय आसा?" निलेशची आई विमलाबाई रोज विचारायच्या. जन्मभर मुलांना जीवशास्त्र शिकवलेले मास्तर उठून बांधावर जायचे आणि नदीकडे बघत राहायचे.

बुवा बांधावर आसन घालून बसले होते, तेही नेमके मानशीच्या डोक्यावर. मानस म्हणजे खाजनाच्या, नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधातला पाण्याचा दरवाजा. डोळे मिटलेले, हात शालीत, तोंडाची टकळी मात्र अखंड चालू. "गे मांडवीमाय, दी परत! ओम, फट, स्वाहा! ह्या माऊलीचो, ह्या आवयचो जीव थंड कर!"

ओहोटी लागली, दार उघडलं, पाणी धो धो वाहू लागलं. मानशीची राखण करणाऱ्या गोकुळदासानं तिच्या तोंडाशी बांधलेलं जाळं ओढलं आणि लोकांच्या अंगावर काटा आला. मासळीबरोबर जाळ्यात हाडं होती.

"तकली खंय?" मागून कुणीतरी विचारलं.

"डोकं मायेनं ठेवून घेतलं," बुवा तत्परतेनं म्हणाले. "सगळंच कशी देईल ती?"

विमलाबाईंनी बरगड्या पदरात घेतल्या आणि हंबरडा फोडला. मास्तरही पुढं होऊन बघू लागले. मणके, बरगड्या... माणसाच्या असतात तशाच तर दिसत होत्या! मिळाला, देवा, एकदाचा मिळाला, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या क्षणी त्यांनी ते अगदी खरं मानलं.

मग बुवांचं बोट शालीबाहेर आलं, ते थेट अश्विनीवर. अश्विनी निलेशची बायको, पलीकडच्या सिंधुदुर्गातली. "हिच्या पायगुणान गेलो तो! हिचं सोनं मठात पडूंक जाय, पडलंच पाहिजे, आणि ही घराभायर. नायतर आत्मो सुटचो ना!"

विमलाबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की ती पोर मागं सरकली.

मास्तरांनी वाकून एक लांब हाड उचललं. बोटं त्याच्या टोकाशी गेली आणि तिथंच थांबली. टोकाला दोन गोल उंचवटे, मधे खाच. गप्प बसलो तर विमलाला मुलगा मिळतो आणि ह्या पोरीचं घर जातं. त्यांना वाटलं, आपण हे शिकलोच नसतो तर किती बरं झालं असतं.

"विमला, हे आपल्या निलेशचं न्हय गो."

"अहो, नका ना असं म्हणू! तुमच्या पाया पडते!"

त्यांनी तिचा हात हातात घेतला. "कणा, बरगड्या मला आहेत, तुला आहेत, म्हशीलाही आहेत. म्हणून मीसुद्धा फसलो. पण हा तुझा तळहात दाबून बघ. पाच बोटांची पाच हाडं लागतात. गुराच्या पायात त्या जागी हे एकच जाड हाड, आणि दोन खुरांसाठी खाली ही दोन टोकं. हे रेडकाचं आहे. डोकं आणलं असतं तर कुणीही ओळखलं असतं, म्हणून ते नाही."

"शाळेतली विद्या देवाकडे चलना, मास्तर!" बुवा गरजले.

"मग मानशीची विद्या तरी चालेल? गोकुळदास, भरतीला हे दार काय करतं?"

"मिटता."

"आणि आता ओहोटीला हे पाणी कुठून आलं?"

गोकुळदासाचा चेहरा पडला. "आतल्यान. शेतांतल्यान." जन्म खाजनात गेलेली माणसं सगळी. नदीतलं काही ह्या जाळ्यात यायचंच नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि एकालाही आठवलं नव्हतं. गोकुळदास आतल्या बाजूला उतरला. दगड बांधलेलं रिकामं पोतं सापडलं. पोत्याच्या तोंडाची सुतळी बांधावरून बुवांच्या शालीत गेली होती; ती ओढली की पोतं सुटत होतं.

मग काय! बुवांना आसनही उचलू न देता लोकांनी पंचायतीत नेलं. पण बाबांनो, राग एकट्या बुवावर कशाला? डोळ्यांत पाणी असलं तरी हात हाडाला लावून पाहावा, पाणी कुठून आलं ते विचारावं. कुणी विचारलं नसतं, तर एका निरपराध मुलीचं घर मोडलं असतं.

बांध रिकामा झाला. विमलाबाईंनी पदर झटकला, बरगड्या चिखलात पडल्या.

"म्हणजे त्याचं काहीच नाय आता माझ्याकडे?"

"नाय गो," मास्तर म्हणाले, आणि तिथंच बसून लहान मुलासारखे रडले.

बराच वेळ विमलाबाई स्वतःचा तळहात चाचपत राहिल्या. मग त्यांनी अश्विनीचा हात ओढून घेतला आणि तिची बोटं एकेक करून दाबली.

"हा हात धरायचा तो," त्या म्हणाल्या. "चल बाय, घरी चल."