अंगारा, गोळी आणि कट्ट्यावरचं दूध

पेठ वडगावच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर भस्मेबाबा, माईकपुढं माझी थोरली बहीण, आक्का.

"थायरॉईडची गोळी खाऊन खाऊन कटाळा आलता. अंगावर सूज, जीव मरगळलेला. बाबांचा अंगारा सुरू केला, आता जिना सरळ चढाय येतोय."

टाळ्या. बाबांनी डोळे मिटले. "विज्ञान जिथं दमतं, तिथं आमची धुनी पेटते. माई, आता ती गोळी नदीत सोड."

इथं गोष्ट अडते. कारण आक्का खरंच बरी झाली होती.

कोल्हापुरात घरी आली ती गोळ्यांची बाटली पिशवीत घालूनच नदीकडं निघाली. माझी लेक स्नेहल डॉक्टर. ती दारातच उभी राहिली.

"आत्या, आधी गोळी कशी घेत हुतीस?"

"कशी म्हंजे? सकाळी फिरून येताना दुधाच्या कट्ट्यावर. म्हस समोर पिळत्यात, त्या ग्लासभर दुधासंगट."

"उपाशी पोटी सांगितलंतं न्हवं?"

"दूध म्हंजे काय जेवान हाय व्हय?"

(कोल्हापुरात या प्रश्नाला उत्तर नाही.)

"आणि बाबांनी काय सांगितलं?"

"पहाटे उपाशी पोटी, पाण्यातनं अंगारा. ऊन अंगणात येईस्तवर दूध, च्या वर्ज्य. त्याच पाण्यानं गोळी बी गिळायची मी."

स्नेहल हसली. "दुधातलं कॅल्शियम या गोळीला आतड्यातच धरून ठेवतंय, रक्तात नीट पोचू देत न्हाय. बाबांनी दूध बंद केलं आणि गोळीला वाट मोकळी झाली."

"मग बाबांमुळंच की."

"नियमामुळं. पहाटेचा नियम ठेव, गोळी ठेव. फक्त राख सोड. रक्त तपासू, मग बोल. गोळी सोडलीस तर सूज परत येणार, आणि हृदयाला झेपायचं न्हाय."

आक्कानं बाटली पिशवीतनं काढली. चडफडत.

पुढची रक्ततपासणी उत्तम आली. आक्का पुन्हा मंचावर चढली. "बाबा, अंगारा सोडला. गोळी चालू हाय. मी ठणठणीत."

बाबा म्हणाले, "श्रद्धा कमी पडली, माई."

"व्हय. तरी बी बरी हाय."

माणसं हसली. मग आक्काभोवतीच गर्दी झाली. कुणी बीपीची गोळी पुढं केली, कुणी साखरेची. "आक्का, ही कशी घ्यायची?"

"मला काय इचारतायसा? मी काय बाबा हाय? प्रत्येक गोळीचा नियम येगळा. देणाऱ्या डॉक्टरला इचारा, जेवायच्या आधी का नंतर, आणि कशासंगट न्हाय. आणि त्यानं सांगितलं की ऐका."