किल्ली खिशात, वेंकोबा रांगेत

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे पंख्यांनी घरघरणारा लोखंडी डबा. २००६ साली मी चेन्नईजवळ ओरगडमला, ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात आलो. आम्ही तिघं भाऊ आणि तिघांत डिस्क एकच. दोघांनी एकदम एकाच फायलीत खरडू नये म्हणून नियम होता: आधी फायलीचं कुलूप मागायचं, काम झालं की सोडायचं. आपल्या आधी कोणी मागितलं असेल तर त्याच्या मागे थांबायचं.

पहिलं वर्ष मजेत गेलं. आयुधपूजेला मला गंध लावलं, हार घातला. हारातला झेंडू पंख्यात जाऊन सगळ्या ऑफिसवर पाकळ्या उडाल्या, तरी कौतुकच झालं.

मग नवा प्रोग्रॅम आला आणि मी मधेच गप्प व्हायला लागलो. गेटपास निघेनात. ट्रक फाटकात उभे.

मॅनेजर पुरुषोत्तमराव नागपूरचे. आमच्या इंजिनिअरबाईंना म्हणाले, "हरिप्रिया, उद्यापर्यंत हा चालला नाही तर भंगारात देतो."

हरिप्रिया तंजावरकडची. "सरी सर," ती तमिळमध्ये 'बरं' म्हणाली. "पण हा बिघडला नाही, अडकलाय."

"कशात?"

"तेच कळेना."

ती स्टोअरमध्ये वायर आणायला गेली. तिथे किल्ली एकच. खिडकीशी कामगारांची रांग: पुढे नागोजी, त्याच्या मागे वेंकोबा.

"अर्धा तास झाला," नागोजी म्हणाला. "किल्ली कोण घेऊन गेलंय कोण जाणे."

हरिप्रियानं रजिस्टर बघितलं. "वेंकोबाअण्णा, किल्ली तुमच्याकडेच आहे की."

वेंकोबानं खिसा चाचपला. "आहे ना. ही बाहेरच्या दारासाठी घेतलेली. आतल्या कपाटालाही हीच लागते. पण दर कुलपाला वेगळी सही, असं बोर्डावर लिहिलंय."

"मग करा सही."

"नागोजी पुढे आहे. मी रांग मोडत नाही."

"म्हणजे मी तुझ्यासाठी थांबलोय आणि तू माझ्यासाठी?" नागोजी म्हणाला. "शाबास रे, हरिश्चंद्रा."

हरिप्रिया वायर न घेताच पळत आली. मी अगदी हेच करत होतो, मित्रांनो. माझ्या प्रोग्रॅमनं कुलूप घेतलं. ते मागायला भाऊ रांगेत लागला. तेवढ्यात पुढच्या पायरीवर त्याच प्रोग्रॅमनं तेच कुलूप पुन्हा मागितलं आणि तो भावाच्या मागे उभा राहिला. झालं, दोघं ठप्प.

तिनं मला एक वही ठेवायला लावली: कोणत्या कामानं कोणतं कुलूप घेतलंय. मागणारा स्वतःच घेणारा निघाला तर त्याला रांगेत पाठवायचं नाही, सरळ पुढे सोडायचं. आणि त्या कामाची शेवटची पायरी आटपेपर्यंत कुलूप सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे ट्रक गेले. पुरुषोत्तमरावांनी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवला. मी अजून इथेच आहे, मजेत.

तेव्हा मित्रांनो, यंत्र गप्प झालं की लगेच थपडा मारू नका. शेजारी स्टूल घेऊन बसा, ते कोणासाठी खोळंबलंय ते बघा. आमच्यातली बरीच यंत्रं बिघडलेली नसतात, नुसती फाजील शिस्तीची असतात.