न संपवायचं तळं

मंदी आली ती आधी बंदरावर. न्हावा शेव्याचे कंटेनर जागच्या जागी बसले, मग तुर्भ्याच्या बाजारात गाड्या येईनाशा झाल्या, आणि गोणी उचलणाऱ्या धनाजीच्या पाठीला आयुष्यात पहिल्यांदा नुसती हवा लागली. बायकोने, राहीबाईने, पत्र्याची पेटी भरून दारामागे ठेवली. शाळा उघडेपर्यंत हाताला काम टिकलं तर ठीक. नाहीतर साताऱ्याची एसटी, आणि लेकीची सातवी गावाकडे. लेकीने, मोनालीने, आधीच बजावलं होतं, "पेटी जाईल, मी नाही जाणार."

अशात सरकारने रिकाम्या हातांसाठी रोजंदारी काढली. सीवूड्सकडच्या दोन तळ्यांतला गाळ काढायचा. काम चालेल तोवर मजुरी. धाकटं तळं धनाजीच्या हमाल टोळीला मिळालं.

आता हमालाला गाळ दिसतच नाही. त्याला दिसते भरलेली गाडी, आणि ती रिकामी करायची मागच्या गाडीने भोंगा वाजवायच्या आत! टोळीने साखळी धरली, त्यातल्या नामाने आरोळी ठोकली, घमेली हातोहात उडू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भाकरीआधी तळं ताटासारखं लख्ख.

देखरेखीवरची स्नेहल मॅडम छत्री घेऊन आली ती काठावरच खिळली.

"काका, हे काय केलंत?"

"उरकलं की! दाखवा पुढचं," धनाजीने मिशीवर हात फिरवला.

"अहो, हे शाळा उघडेपर्यंत पुरवायचं होतं! काम संपलं की मजुरी बंद."

धनाजीचा हात मिशीवरच राहिला. मॅडमलाच दया आली. "काठावरचा ढीग बागेत न्या. पण प्लीज, हळू!"

हळू कसं चालतात, हे टोळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. नामा वरातीतल्या नवरदेवासारखा एकेक पाऊल टाकू लागला, तर मागचा खेकसला, "ए, रस्ता सोड!" आणि सगळे पुन्हा धावत सुटले. धनाजी तर हळू चालायच्या नादात ठेचकाळून पडला.

"चालढकल आपल्याला जमायची न्हाई," घरी आल्यावर तो गुडघा चोळत म्हणाला. "खोटं काम करन्यापरीस गाव बरं."

राहीबाई हसली. "एकटं बाजारात निघालासा की मागं वळून बगत न्हाईसा. मग माझ्यासंगं कसं हळू चालता?"

"पिशवीचा एक बंद तुझ्या हातात असतो म्हनून."

"मग तिथंबी दुसरा बंद धरनारं मानूस बगा की!"

सकाळी धनाजी थोरल्या तळ्यावर गेला. तिथे मॉलमधून घरी बसवलेले विक्रेते कामाला होते. विश्वजित नावाचा पोरगा घमेलं असं धरून चालला होता, जणू इस्त्रीचा शर्ट. तळहातावर फोड, आणि तळ्याचा एक कोपराही निघालेला नाही.

"मॅडम, साखळीत एक आमचा, एक यांचा, असं उभं करा," धनाजी म्हणाला. स्नेहल मॅडमला हे तळं पावसाआधी उरकेल की नाही याचाच घोर होता. तिने लगेच मान हलवली.

साखळी चालू लागली ती सगळ्यात सावकाश माणसाच्या चालीने. विश्वजित प्रत्येक घमेलं दोन्ही हातांनी पुढे करी. "घ्या काका, हा चॉकलेटी रंग तुम्हाला खुलून दिसेल."

"आन् लहान साईज हाय का?"

"आहे ना, मागच्या घमेल्यात!"

धनाजी हात पुढे करून वाट बघे. बोटं शिवशिवत, पण यात खोटं काहीच नव्हतं. मधल्या वेळात तो पोराला शिकवी, "कंबर न्हाई, गुडघं वाकव. हां, तसं."

शिकवलं मात्र जरा जास्तच. शेवटच्या आठवड्यात विश्वजितच ओरडू लागला, "काका, आटपा! मागची गाडी भोंगा देतेय!"

"आरं दमानं, लेका! शाळा सोमवारी उघडतीया!"

शनिवारी तळं संपलं. त्याच सांजेला नामा धावत सांगत आला की बाजारात कांद्याच्या गाड्या लागल्यात. आणि सोमवारी सकाळी दारामागची पेटी खोलीच्या मधोमध उपडी झाली होती, कपड्यांच्या ढिगात मोनाली डोक्यापर्यंत बुडाली होती, आणि ओरडत होती, "आई, युनिफॉर्म कुणी ठेवला सगळ्यात खाली?"