मुंगीची परीक्षा

सोनूबाईनं धक्क्यावरून हाळी दिली की लाँचीतली माणसं वळून बघायची, असला तिचा गळा. पण त्या दिवशी अलिबागच्या दवाखान्यात तिच्या तोंडून शब्द फुटेना.

मांडीवर नातू होता, सदू. पाच महिन्यांचा, नुसता हाडांचा सापळा, आणि शी रक्ताची. डॉक्टर दिनानाथांनी त्याचं पोट चाचपलं, फडकं उलगडून बघितलं आणि सुनेला, राहीला, विचारलं, "पाजतेस काय?"

"गाईचं दूध. महिना झाला."

"आणि रक्त कधीपासून?"

"त्याच्यामागनं आठ दिसांनी."

"तेच याला सोसत नाही. आतडं सुजलंय. गाईचं दूध थेंबभरसुद्धा द्यायचं नाही. अंगावरचं का तोडलंस?"

तोडलं होतं सोनूबाईनंच! पोर रडतं, अंग धरत नाही, म्हणून शेजारणी जमवून तिनं राहीचं दूध वाटीत काढलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. झालं! "इषारी हाय हिचं दूध," असा गावभर डंका पिटला. मग रोज दोन कोस चालून गाईचं दूध आणलं. पोर वाळत गेलं तसतसं आणखी पाजलं.

राही खाली मान घालून म्हणाली, "आपसूक आटलं, डाक्टर."

जन्मात कधी गप्प न बसलेली सोनूबाई नेमकी तिथं गप्प बसली!

"छातीला लावत राहा, येईल परत. तोवर तांदळाची पेज," डॉक्टर म्हणाले.

नवव्या दिवशी शी पिवळी झाली, पोर हसलं. राहीला पान्हा फुटला होता. पण ती भिंतीकडं तोंड करून पाजायची, चोरी केल्यासारखी. ते बघून सोनूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्याच शेजारणींना हाका मारल्या, त्याच वाटीत पाणी ओतलं आणि मुंगी सोडली. ती तडफडली आणि मेली.

"बघा गं. आपल्या इहिरीचं पानी हाय ह्ये. सारा गाव पितो."

येसूबाई शेजारीण म्हणाली, "अगो बाय!"

"राहीचं दूध चांगलंच व्हतं. पोराला मीच मारीत व्हते. डाक्टरम्होरं तिनं मला झाकलं, आन् मी झाकून घेतलं."

राही पोराला तशीच पाजत भिंतीकडून सगळ्यांसमोर वळली. "आय, पाठीला उशी द्या जरा," ती म्हणाली.

सोनूबाईनं उशी दिली. वर बघायची मात्र तिची छाती झाली नाही.