बारा मैलांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पेटी आहे. शाळेच्या चार वह्या एकावर एक ठेवाव्यात एवढाच माझा आकार. माझ्यात कधी दागिने नव्हते, पत्रे नव्हती. माझ्यात पिस्तूल असायचे. दचकलात ना? दचकू नका. पिस्तूल बंद ठेवणे हेच माझे काम होते आणि ते मी एकदाही चुकवले नाही. जे चुकले, ते मी रिकामी असताना चुकले. तीच हकिगत मला सांगायची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड पत्रा कापला, वाकवला, आत स्पंजची गादी चिकटवली, काळा रंग दिला आणि तोंडाला एक छोटे पण पक्के कुलूप बसवले. मग माझी रवानगी वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावी, शिकारीचे सामान विकणाऱ्या एका दुकानात झाली. तिथे काचेच्या कपाटात पिस्तुले मांडलेली असत. ती हातात घेऊन बघायला लोकांची झुंबड उडे. मला मात्र कोणी विचारत नसे. मासे धरायचे गळ आणि कानटोप्या यांच्यामध्ये मी आठ महिने धूळ खात बसले होते.

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी लोरीन हफ्मन नावाची बाई दुकानात आली. तिच्यामागून तिचा नवरा गार्लंड आला, ओढून आणल्यासारखा. गार्लंड घरोघर गॅस पोचवायची गाडी चालवायचा. काही वर्षांपूर्वी एका आडरस्त्यावर दोघांनी त्याला अडवून लुटले होते आणि जाताना डोक्यात लोखंडी कांब घातली होती. तेव्हापासून तो कमरेला पिस्तूल लावल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. शर्ट वरून सोडला की ते कोणाला दिसतही नसे. त्याची थोरली बहीण ओपल पेनसिल्व्हेनियात राहायची. दर रविवारी दोघे तिच्याकडे जेवायला जात. मधे पोटोमॅक नदीचा पूल लागे आणि पुलापलीकडे मेरीलंड राज्याची एक चिंचोळी पट्टी. जेमतेम बारा मैल. ती ओलांडली की पेनसिल्व्हेनिया.

गार्लंडचे म्हणणे असे, की मला आपल्या राज्याच्या सरकारने पिस्तूल बाळगायचा परवाना दिला आहे, त्यावर माझा फोटो आहे, मग आणखी काय हवे? दुकानदार त्याच्या ओळखीचा होता. तो हसला.

“गाडी चालवायचा परवाना पुलापलीकडे चालतो, गार्लंड. हा नाही चालत. मेरीलंडचे पोलीस तुझा फोटो बघून तुला ओवाळणार आहेत का? बेड्या घालतील.”

मग त्याने सगळे समजावून सांगितले. पिस्तूल रिकामे करायचे. कुलपाच्या पेटीत ठेवायचे. पेटी गाडीत पार मागे ठेवायची, बसलेल्या माणसाचा हात पोचणार नाही अशी. गाडीच्या समोरच्या खणात ठेवले तर ते चालणार नाही, खणाला कुलूप असले तरीही.

“एवढा सगळा खटाटोप बारा मैलांसाठी?” गार्लंड म्हणाला.

“बारा मैलांसाठीच,” लोरीन म्हणाली. “तुला मधेच उचलून नेलं, तर ओपलकडे मी एकटीने जाऊन काय सांगू? सूप गार होऊ दे, तुमचा भाऊ आत आहे?”

अशी मी हफ्मनांच्या घरची झाले.

त्यांची गाडी लांबोडकी होती. मागच्या बाकापाठीमागे सामानाची जागा होती, तिला वेगळे झाकण नव्हते. त्यामुळे पुढचे सगळे बोलणे मला ऐकू यायचे. दर रविवारी पुलाआधीच्या शेवटच्या पंपावर गाडी थांबे. गार्लंड मागे येई, नळी जमिनीकडे धरून पिस्तुलातल्या गोळ्या काढी, दोनदा तपासून बघे आणि ते माझ्यात ठेवी. गोळ्या बिस्किटांच्या डब्यात, दुसऱ्या कोपऱ्यात. किल्ली लोरीनच्या पर्समध्ये. “झालं?” असे ती विचारी. “झालं,” असे तो म्हणे. मग ते बारा मैल तो सारखा रिकाम्या कमरेला हात लावून बघे. लोरीन त्याची थट्टा करी, पण थट्टा करता करता त्याचा तो हात आपल्या हातात घेऊन बसे. पेनसिल्व्हेनियात त्याचा परवाना चालायचा, म्हणून तिथे शिरल्यावर पहिल्या थांब्याला पिस्तूल परत कमरेला जाई.

पुढे पुढे एक गंमत झाली. तो त्या थांब्याला उतरेनासा झाला. कधी गप्पांच्या नादात विसरायचा, कधी कंटाळा करायचा. पिस्तूल दिवसभर माझ्यातच राहू लागले आणि घरी पोचल्यावरच बाहेर निघू लागले. मला याचा फार अभिमान वाटायचा. मी बारा मैलांची पेटी होते, ती अख्ख्या दिवसाची झाले!

एकदा गाडीचा मागचा दिवा बंद पडला म्हणून मेरीलंडच्या पोलिसाने थांबवले. गार्लंडने आपणहून सगळे सांगितले. पोलिसाने मला उचलून, हलवून, कुलूप ओढून पाहिले. “सगळे असं नीट ठेवतील तर माझं काम किती सोपं होईल,” असे म्हणून त्याने मला जागेवर ठेवले. माझ्या आयुष्यातली ती एकमेव शाबासकी. दिवा बदलून घ्या, एवढेच सांगून त्याने त्यांना जाऊ दिले.

अशी चौदा वर्षे गेली आणि लोरीन वारली. एका हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि दहा दिवसांत सगळे संपले. त्या वर्षी गार्लंड ओपलकडे गेलाच नाही. माझ्यावर जुनी घोंगडी पडली, घोंगडीवर बॅटरीच्या वायरी पडल्या. पिस्तूल पुन्हा त्याच्या कमरेला गेले, अगदी घरात टीव्ही बघतानासुद्धा. मला त्याचा राग नाही आला. तो फार एकटा पडला होता आणि जुनी भीती परत आली होती.

पुढच्या वर्षी त्याची मुलगी ट्वायला त्याला म्हणाली, की बाबा, आत्या वाट बघते, मी नेते तुम्हाला. ट्वायला एकोणीस वर्षे शाळेची बस चालवत होती. पन्नास मुलांना रोज घरून शाळेत आणि शाळेतून घरी सोडायचे. त्या नोकरीत एक नियम फार कडक होता. हत्याराच्या गुन्ह्यात नाव आले की नोकरी गेली, मग तुम्ही कितीही चांगले असा. म्हणून पहिल्याच रविवारी तिने वडिलांना बजावले की पिस्तूल पेटीत ठेवल्याशिवाय मी गाडी पुलावर घालणार नाही. गार्लंडने मान डोलावली. घोंगडी बाजूला झाली. मला पुन्हा काम मिळाले.

आता मित्रांनो, जे कोणाला ठाऊक नव्हते ते मला ठाऊक होते. गार्लंडचा उजवा हात थरथरू लागला होता. तो हात खिशात लपवी, कॉफीचा कप डाव्या हाताने धरी. ट्वायलाला वाटे, म्हातारपण, दुसरे काय. पण किल्ली लावायची वेळ आली की लपवायला जागा उरत नसे. किल्ली माझ्या कुलपाभोवती टकटक आपटत राही, आत जातच नसे. माझ्या काळ्या रंगावर ओरखडे उठू लागले. गोळ्या काढताना त्याची जी अवस्था होई, ती बघून माझा जीव थाऱ्यावर राहत नसे. मी त्याला काय सांगणार? आणि ट्वायलाला तरी काय सांगणार?

ऑक्टोबरचा रविवार होता. आत्यासाठी सफरचंदाचा काळपट मुरंबा बरणीत भरून घेतला होता. पंपावर गाडी थांबली आणि ट्वायला कॉफी आणायला आत गेली. गार्लंड मागे आला. किल्ली तीनदा माझ्या तोंडाशी आली आणि तिन्ही वेळा घसरली. चौथ्यांदा ती जमिनीवर पडली. तो वाकून ती शोधत होता आणि तोंडाने स्वतःलाच शिव्या देत होता. सापडल्यावर ती त्याने खिशात टाकली आणि तो पुढे गेला. समोरचा खण उघडल्याचा आणि पुन्हा बंद झाल्याचा आवाज मी ऐकला.

ट्वायला कॉफी घेऊन आली. “पेटीत ठेवलंत ना, बाबा?”

“ठेवलं.”

एवढेच. मित्रांनो, तो माणूस आयुष्यात मुलीशी खोटे बोलला असेल, तर बहुधा त्याच दिवशी.

पूल गेला. पाच-सहा मैल गेले. रस्त्याचे काम चालू होते आणि वेग कमी करायची पाटी ट्वायलाच्या नजरेतून सुटली. मागे पोलिसांची गाडी लागली. ट्वायलाने गाडी कडेला घेतली आणि काच खाली केली. पोलीस तरुण होता, बोलायला सभ्य होता. त्याने तिचा परवाना मागितला आणि गाडीचे कागद मागितले.

गाडीचे कागद समोरच्या खणात होते.

ट्वायलाचा हात खणाकडे गेला. तो खण उघडला असता, तर त्या पोलिसाला काय दिसले असते? खणात भरलेले पिस्तूल आणि त्याच्याकडे जाणारा एका बाईचा हात. मी मागे रिकामी पडले होते. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

गार्लंडने तिचे मनगट धरले. “उघडू नकोस.” मग तो खिडकीकडे वळून सावकाश म्हणाला, “साहेब, त्या खणात पिस्तूल आहे. भरलेलं आहे. माझं आहे. माझ्या मुलीला यातलं काही ठाऊक नाही.”

पोलिसाचा हात आपल्या कमरेकडे गेला. त्याचा आवाज बदलला. “दोघांनी हात समोर ठेवा. मला दिसले पाहिजेत. कोणी हलायचं नाही.”

“ठेवलेत, साहेब,” गार्लंड म्हणाला. “पण उजवा हलतोय. तो माझ्या ताब्यात नाही.”

पोलीस त्या हाताकडे बघत राहिला. ट्वायलाही बघत राहिली, आणि मला वाटते, तिने तो हात त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. मग पोलिसाने दुसरी गाडी बोलावली आणि दोघांना एकेक करून, नीट सांगत सांगत खाली उतरवले. पिस्तूल त्याने स्वतः काढून रिकामे केले. नंतर त्याने मागे येऊन मला उघडून पाहिले.

“पेटी आहे तुमच्याकडे. मग यात का नाही ठेवलं?”

गार्लंडने उत्तर दिले ते मुलीकडे बघून. “किल्ली जात नाही गं आत. गोळ्याही निघत नाहीत. तुझी आई असती तर तिला सांगितलं असतं.”

“मला सांगायचं होतंत,” ट्वायला म्हणाली. तिला रडू आवरेना. “मी काय केलं असतं, बाबा? कुलूप लावून दिलं असतं. अजून काय?”

गार्लंडवर खटला झाला. त्याने काहीच नाकबूल केले नाही. न्यायाधीशबाईंनी त्याचे वय पाहिले, डॉक्टरचा कागद वाचला आणि त्याला तुरुंगात न पाठवता वर्षभर देखरेखीखाली ठेवले. पिस्तूल जप्त झाले ते झालेच. ट्वायलाचे नाव कुठेही आले नाही, कारण तिने खण उघडण्याआधी बापाने तोंड उघडले होते. तिची बस दुसऱ्या दिवशीही नेहमीच्या वेळेला निघाली.

पुराव्याच्या खोलीत चार महिने राहून मी घरी परत आले. आता माझ्यात काहीच नसते, तरी ट्वायलाने मला गाडीतून काढलेले नाही. ते दोघे अजून दर रविवारी ओपलकडे जातात. परवाच मेरीलंडच्या रस्त्यावर गार्लंड बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, की ट्वायला, मला भीती वाटते. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. ट्वायलाने वेग कमी केला आणि भीती कसली वाटते ते त्याला विचारले. तो पुढचे सहा मैल सांगत होता.

मित्रांनो, तुमच्या घरी पिस्तूल नसेल. पण कुलपात ठेवावे असे काहीतरी असेलच. औषधे असतील, गाडीची किल्ली असेल, शेतावर फवारायचे विष असेल. ते बंद आहे की नाही ते जरूर बघा. बघताना एवढे आणखी करा, की जो रोज ते कुलूप लावतो, त्याचा हात एकदा आपल्या हातात घेऊन बघा. तो आपणहून सांगणार नाही.