बोळा कोंबलेली टापर

मित्रांनो, मी एक जुनी टापर आहे आणि माझ्या तोंडात फडक्याचा बोळा आहे. तेव्हा जरा कान देऊन ऐका. टापर म्हणजे गुरांच्या गळ्यातली लाकडी घंटा. पितळेचा तोरा आम्हाला नाही. पण आपलं जनावर रानात कुठं चरतं आहे, ते आमच्या टोकटोक आवाजावरून लांबून कळतं. जन्माला येऊन आम्ही एवढं एकच काम करतो. ते काम खरोखर करायची वेळ माझ्यावर एकदाच आली, आणि नेमकं तेव्हाच ते मला करता आलं नाही.

माझा जन्म आंबागडचा, किल्ल्याच्या डोंगराखालचा. एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात चिंधू सुतारानं मला शिवणीच्या लाकडातून कोरलं आणि पोटात दोन दांड्या टांगल्या. त्या दांड्यांना तो जिभा म्हणायचा. यादोराव पाटलांनी एकदम पाच टापरा सांगितल्या होत्या आणि वर अट घातली होती.

"चिंधू, पाचाईचा आवाज एकच पायजे गा. मी डोळे मिटून बसलो असलो तरी माही गुरं मले ओळखू आली पायजेत."

चिंधू लाकडाला कान लावून एकेक कपचा काढायचा. आठ दिवसांनी पाच बहिणी एका सुरात वाजल्या, तेव्हा सारं गाव ऐकायला जमलं. 'पाटलाची टापर' म्हणून आमचं नाव झालं. मी लाकडाची, पण त्या कौतुकानं फुगले. मला काय ठाऊक, हाच सूर पुढं कोणाच्या तरी घरावर नांगर फिरवणार आहे.

मला एका म्हाताऱ्या गाईच्या गळ्यात बांधलं. दोन वर्षांनी ती गाय व्याली आणि त्यातच मेली. मागं राहिली एवढीशी कालवड. तिच्या कपाळावर कवडीएवढा पांढरा टिका होता आणि उभं राहायचीसुद्धा ताकद नव्हती. पाटलांच्या गोठ्यात वच्छलाबाई शेण काढायला यायची. घरात ती एकटीच. नवरा आनंदराव तापानं गेलेला. तिच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच गावातली मेलेली गुरं ओढायचं सोडून दिलं होतं, पण पाटलांच्या गोठ्यातलं शेण मात्र या घराला सुटलं नव्हतं. पाटलीणबाई सत्यभामाबाई कालवडीकडे बघून म्हणाल्या,

"हे तं सांजपावतर जगत नाई. ने व वच्छला. जगली तं तुही. अन् मेल्या गाईची टापर दुसऱ्या गुराले कोन बांधते? तेबी ने."

मित्रांनो, दान म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. जे फेकायचंच होतं ते दिलं आणि वर नाव कमावलं. पण वच्छलाबाईला त्याचं काही नव्हतं. तिनं कालवड खांद्यावर घेतली, मला ओटीत टाकलं आणि घर गाठलं. फडक्याची वात भाताच्या पेजेत बुडवून ती रात्रंदिवस कालवडीच्या तोंडात पिळत राहिली. पाचव्या दिवशी कालवड उभी राहिली. तिचं नाव कवडी पडलं आणि मी तिच्या गळ्यात बसले.

तीन वर्षांत कवडी भरली, गाभण राहिली. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी वच्छलाबाई पाटलांच्या गोठ्यात गेली, टोपली उपडी ठेवली आणि म्हणाली, "पाटलीनबाई, उद्यापासून मी येत नाई. आता मी माह्याच गाईचं शेन उचलीन."

हे वाक्य तिनं वाटेनं येताना चार वेळा घोकलं होतं. मला ठाऊक आहे, कारण कवडीची दोरी तिच्या हातात होती. घरी येऊन तिनं आपलं अंगण आपल्या गाईच्या शेणानं सारवलं. तिचा एवढा हसरा चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

गावची सगळी गुरं एकत्र चरायला जायची. ती नेणारा गायकी म्हणजे तुलाराम, साठीचा म्हातारा. धान कापून झालं होतं, रान मोकळं होतं. दुपारी तुलाराम मोहाच्या झाडाखाली मुंडाशाची उशी करून लवंडला की घोरायला लागायचा. अशाच एका दुपारी पाटलांची चार गुरं ओढ्यापलीकडे गेली होती आणि कवडी झुडपात एकटी चरत होती. मी टोकटोक वाजत होते. तेवढ्यात एक माणूस आला. पांढरं स्वच्छ धोतर, खांद्यावर पंचा, हातात काठीसुद्धा नाही. त्यानं कवडीपुढं तळहात धरला. तळहातावर मीठ आणि गूळ होता. कवडी चाटू लागली. दातांत धरून दुसऱ्या हातानं त्यानं पंच्याची पट्टी फाडली, गोळा केला आणि माझ्या पोटात कोंबला. माझ्या दोन्ही जिभा एका जागी आवळल्या गेल्या.

तो गोमाजी होता. तिकडे बपेऱ्याकडचा, राज्याच्या हद्दीवरच्या नदीकाठचा. लोकांना तो गुरांचा दलाल म्हणून माहीत होता.

तुम्हाला वाटेल, चोर म्हणजे मिशा पिळणारा, गुरं झोडपणारा. अहो, गोमाजीनं कवडीवर बोटसुद्धा उगारलं नाही. काट्याकुट्यातून नेलं नाही. ओढ्यावर थांबून पाणी पाजलं. ती गाभण आहे हे ओळखून तो हळू चालला. आणि वाटभर तिच्याशी बोलत राहिला. चोराला बोलायला दुसरं कोण भेटणार?

"भिऊ नोको, बाई. मी मारत नाई. मारलं तं वळ उठते, अन् वळ दिसला का घेनारा इचारते. काठीबी ठेवत नाई. गवसलो तं दोन थापडात सुटतो, काठी दिसली तं लोक डोकं फोडते. चोरी करावं दिवसा. रातच्यानं कुत्रे जागे असते, दुपारी गायकीबी झोपते."

मला त्यानं काढून का फेकलं नाही, तेही त्यानं सांगितलं. फेकलेली टापर कोणाला तरी सापडते आणि वाट दाखवते. शिवाय गळ्यातलं सवयीचं ओझं गेलं की गाय बावरते.

मग तो जे बोलला ते मला अजून टोचतं.

"ज्याच्या घरी पाच आहे त्याची एक न्यावं. तो चार दिवस शिव्या देते अन् गप बसते. एकुलतं जनावर मी कधी नेत नाई. ज्याचं सारंच गेलं तो मांगं लागते, मरेपावतर सोडत नाई. तुह्या पाटलाचं काय, त्याच्या गोठ्यात अजून चार आहेत. टापर वाजली तवाच ओळखलं."

मित्रांनो, मला ओरडायचं होतं, अरे बाबा, ही पाटलाची नाही! ही वच्छलाची आहे, एकुलती एक आहे! ते त्याला कळलं असतं तर त्यानं कवडीला त्याच पावली परत आणून सोडलं असतं. दयेनं नाही, आपली कातडी वाचवायला. पण सोडलं असतं. माझ्या सुरानं त्याला खोटं सांगितलं होतं, आणि खरं सांगायची पाळी आली तेव्हा तोंडात बोळा होता. कवडी चालत होती, मी तिच्या गळ्यात मुकी हलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बपेऱ्याला पोचलो. नदीपलीकडच्या माणसाला गाय हवी होती, टापर नको होती. गोमाजीनं मला सोडून आपल्या पडवीतल्या खुंटीला अडकवलं. कवडी पाण्यात उतरताना एकदा मागं वळून हंबरली. मी तिला उत्तर देऊ शकले नाही.

इकडे गावात काय झालं ते मला पुढं कळलं. पाटलांची चारही गुरं सांजेला घरी आली. वच्छलाबाई मात्र गुरं जमतात त्या आखरावर अंधार पडेपर्यंत उभी राहिली. तुलाराम रडला, तिच्या पायाशी बसला. त्याला बोलून काय होणार होतं? पहाटे तिनं शिळ्या भाताची पुरचुंडी बांधली आणि एकटीच निघाली. गावोगाव विचारत गेली, कपाळावर पांढरा टिका असलेली गाभण लाल गाय पाहिली का? कोणी नाही म्हणालं, कोणी नजर चुकवली, कोणी नुसतं बपेऱ्याच्या दलालाच्या दिशेनं बोट दाखवलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती गोमाजीच्या पडवीसमोर येऊन उभी राहिली. पायात चपला नव्हत्या.

"माही गाय आनली तुमी?"

"कोनती गाय, बाई? मी कायले आनीन?"

"एकच व्हती जी माह्या घरी. पेज पाजून वाढवली."

गोमाजीचा चेहरा उतरला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "खोटं नोको बोलू! टापर तं पाटलाच्या घरची व्हती!"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. वच्छलाबाईनं वर पाहिलं. मी खुंटीला होते. तिनं मला ओळखलं.

आवारात दुसरं कोणी नव्हतं. गोमाजीनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि एकदा नदीकडे. नदी पन्नास पावलांवर होती, काठ सुना होता. वाटभर गोड बोललेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत त्या क्षणी काय आलं, ते मी पाहिलं.

"कोनाले सांगून आली?" त्यानं हळूच विचारलं.

वच्छलाबाई भोळेपणानं बोलली, "साऱ्या रस्त्यानं इचारत आली. गावोगावच्या लोकायले ठावं आहे, मी इकडेच आली म्हनून."

गोमाजीनं दीर्घ श्वास सोडला. मग तो उठला, तांब्याभर पाणी आणलं, तिला सावलीत बसवलं. तिच्या त्या एका उत्तरानं तिचा जीव वाचला. हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि आजही माहीत नाही. मला माहीत आहे.

"गाय येत नाई आता. नदीपार गेली, तिथून कोनी कुठं नेली मलेबी ठावं नाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात पश्चात्ताप होता, पण तिच्यासाठी नव्हे. नेम मोडला याचं त्याला दुःख होतं. ही बाई आता आपल्या दारातून हलायची नाही, या धास्तीनं त्यानं गोठ्यातून एक काळी कालवड ओढत आणली. "हे घे. अन् मांगं लागू नोको."

वच्छलाबाईनं कालवडीच्या मानेवरून हात फिरवला. दोरीची खूण ताजी होती.

"हे कोनाची?"

"तुले काय करायचं?"

"तेबी कोनी धुंडत असन," वच्छलाबाई म्हणाली आणि तिनं दोरी परत त्याच्या हातात दिली. मग खुंटीवरून मला काढलं आणि पदरात बांधलं. गोमाजीनं अडवलं नाही. मी त्याच्या घरात राहिले असते तर त्याच्याच गळ्याशी आले असते.

गावात आल्यावर तिनं यादोराव पाटलांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता गाव उठेल, चार माणसं बपेऱ्याला जातील. पाटील सुपारी कातरत म्हणाले,

"आमच्या घरचं गेलं असतं तं पाहिलं असतं. अन् त्यानं तुले हात तं नाई लावला? शिवी तं नाई देल्ली? पानी पाजलं, वरून दुसरी कालवड देत व्हता. भला मानूस म्हन, वच्छला. दुसरा असता तं नदीत ढकललं असतं."

बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी उठलं नाही. त्या बैठकीत गोमाजी भला ठरला आणि वच्छलाबाई नशीबवान ठरली. आठ दिवसांनी ती पाटलांच्या गोठ्यात गेली. टोपली अजून तिथंच उपडी होती. तिनं ती सुलटी केली. सत्यभामाबाई नुसत्या हसल्या.

तिनं मला बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारच्या खिळ्याला टांगलं. पहिल्याच दिवशी तिनं बोळा उपसला, फेकणार तोच थांबली आणि तो वळचणीला खोचून ठेवला. माझ्या जिभा मोकळ्या झाल्या, मला बरं वाटलं. पण दोन दिवसांनी दारातून वारा आला आणि मी वाजले, टोक-टोक. वच्छलाबाई तांदूळ निवडत होती. सूप तिथंच टाकून ती अंगणात धावली.

"आली काय व माय! आली काय!"

अंगण रिकामं होतं. तिनं घराच्या मागंही जाऊन पाहिलं. मग आत आली, वळचणीतला बोळा काढला आणि स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घट्ट बसवला. गोमाजीनं कोंबला तेव्हा मला राग आला होता. तिनं कोंबला तेव्हा रागसुद्धा येईना. मी कोणावर रागावणार?

त्याला आता बारा वर्षं झाली. माझ्या अंगाला भुंगा लागला आहे, वच्छलाबाईचे केस पिकले आहेत. तरी रोज सकाळी ती टोपली घेऊन निघते, दुसऱ्याच्या गोठ्याकडे.

मित्रांनो, तुम्ही शाळेतून येता-जाता या घरात डोकावता. एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणी तुमचं सगळं नेलं आणि नेताना हात उगारला नाही, तर त्याला भला म्हणू नका. त्याला हात उगारणं परवडत नव्हतं, एवढंच समजा. आणि तुमच्या गावात कोणाचं एकच जनावर असेल, तर ते सांजेला घरी आलं का, एवढं विचारत जा.

तुमच्यापैकी कोणाला माझी दया आली आणि हा बोळा काढावासा वाटला, तर काढा. वच्छलाबाईला ऐकू येतं आहे तोवर काढा. पण एवढी कृपा करा, ज्या दिवशी काढाल त्या दिवशी आधी दारात एक गाय उभी करा. कारण मी वाजले की ती धावत बाहेर जाणार आहे.